कार्डाचा भाव आणि रॅडबर्नचा खांदा

१८८४ च्या जुलैमध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज हा अमेरिकी बेसबॉल संघ मोडायच्या बेतात होता. चेंडू टाकणारे भरवशाचे पिचर दोनच. त्यातला चार्ली स्वीनी व्यवस्थापकाचं ऐकेना आणि भर सामन्यात मैदान सोडून निघून गेला. दुसरा, चार्ल्स रॅडबर्न, निलंबित. खाटकाच्या या मुलाने मग सौदा केला : उरलेला हंगाम मी खेचतो, पण तो संपला की मला करारातून मोकळं करा.

आणि त्याने खेचला. वर्षभरात ६७८ डाव, ४४१ फलंदाज स्ट्राइकआउट, ५९ विजय. काही नोंदी ६० म्हणतात. आज एखाद्या पिचरने हंगामात २०० डाव टाकले तरी त्याचं कौतुक होतं. सकाळी रॅडबर्नचा हात इतका आखडलेला असे की केस विंचरायलाही वर जात नसे, असं सांगतात. तो इतरांच्या आधी मैदानावर यायचा, अगदी जवळून हलके चेंडू टाकायचा आणि खांदा सुटेल तसतसं अंतर वाढवत न्यायचा. ग्रेज त्या वर्षी विजेते ठरले.

हाच माणूस पुढे ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटातून घरोघरी पोचला. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ पासून खेळाडूंची छोटी, तपकिरी छायाचित्रं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून पाकिटात घातली. ती स्टुडिओत काढलेली. ‘झेल’ टिपायचा तर चेंडू दोऱ्याने टांगायचे. रॅडबर्नच्या एका कार्डावर तो कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि मधलं बोट सरळ बाहेर! १८८६ च्या बोस्टन संघाच्या छायाचित्रातही त्याने तेच केलंय. त्याचा सगळा तिरसट स्वभाव त्या बोटात उतरलाय.

जुन्या कार्डाची खरी किंमत इथे आहे. बाजार मात्र कोपरे बघतो. कार्ड प्लास्टिकमध्ये सीलबंद होतं, त्याला दहापैकी गुण मिळतात आणि भाव त्या आकड्याला चिकटतो. बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाला आठ गुण होते. त्याच्या कडा आपणच कातरल्याची कबुली विक्रेता बिल मॅस्ट्रो याने २०१३ मध्ये कोर्टात दिली. बनावट माल ओळखायला तपासणी हवीच, पण कोऱ्या कडांचा हा हव्यास कार्डाच्याच मुळावर येतो.

सिरॅक्यूजचा संग्राहक जेफरसन बर्डिक याची वाट वेगळी होती. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी त्याने कार्डांसह तीन लाखांहून अधिक छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतः अल्बममध्ये चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. डिंक लावलेल्या कार्डाला आजचा बाजार नाक मुरडेल. पण संग्राहक आजही कार्डांची जी वर्गवारी वापरतात, ती बर्डिकचीच.

लिलावगृहांनी एवढं तरी करावं : कोपऱ्यांच्या वर्णनाइतकीच जागा त्या खेळाडूच्या हंगामाला द्यावी. रॅडबर्नचं कार्ड घेणाऱ्याला तो खांदा कसा झिजला, हे आधी कळायला हवं.