जुळ्या शहरांची चुरस कोणाच्या लाभाची?

अमेरिकेतील सेंट पॉल व मिनियापोलिस या जुळ्या शहरांच्या ‘मैत्रीपूर्ण चुरशी’चे गोडवे गायले जातात. परंतु या चुरशीत जिंकतो कोण? सेंट पॉलचा फोर्ड मोटार कारखाना २०११ साली बंद झाला. त्याच्या सुमारे १२२ एकर भूमीवर आता ३,८०० घरांची वसाहत उभी राहत आहे. २०२१ साली नागरिकांनी मतदानाने वार्षिक भाडेवाढीस ३ टक्क्यांची मर्यादा घातली. बिल्डरांनी तत्काळ हात आखडले. नदीपलीकडे मिनियापोलिसमध्ये अशी मर्यादा नव्हतीच. भांडवलास तिकडचा मार्ग मोकळा! नगरपरिषदेने गुडघे टेकले: २०२२ मध्ये नव्या इमारतींना २० वर्षांची सूट, २०२५ मध्ये २००४ नंतरच्या सर्व इमारतींना कायमची. कारखान्याच्या जागेवरील एकाही नव्या घरास आता ती मर्यादा लागू नाही.