बैठकीतला होकार
गीर्ट हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांच्या आधारे, १९८० च्या आपल्या ग्रंथात ‘सत्ता-अंतर’, म्हणजे अधिकारातील विषमता कनिष्ठांनी कितपत स्वाभाविक मानली आहे याचे माप, मांडले, आणि त्यात भारताला ७७ तर नेदरलँड्सला ३८ गुण मिळाले. पुण्याजवळच्या हिंजवडीतील आयटी कंपन्यांत साहेबांना पहिल्या नावाने हाक मारण्याचा प्रघात पडला म्हणून हे अंतर मिटले असे मानणे भाबडेपणाचे आहे. डच व्यवस्थापक भर बैठकीत ‘हे जमणार नाही’ असे ऐकण्याची अपेक्षा ठेवतो, तर पुण्यातील अभियंता ‘बघतो, प्रयत्न करतो’ एवढेच म्हणून त्यातला नकार समोरच्याने ओळखावा असे गृहीत धरतो, आणि मुदत उलटली की पहिल्याला दुसरा लबाड वाटतो, दुसऱ्याला पहिला उर्मट. दुपारी एक ते चार गिऱ्हाइकाला दारातूनच परतवणारा, पाट्यांतून अनोळखी माणसाला खडे बोल सुनावणारा पुणेरी स्पष्टवक्तेपणा वरिष्ठांपुढे मात्र सोयीस्करपणे रजेवर जातो, यावरून तो स्वभाव नसून माणसाचा हुद्दा पाहून वापरायचा शिष्टाचार असल्याचे उघड होते. यात बदल करायचा तो वरिष्ठानेच: ज्याला होकाराखेरीज सभ्य उत्तरच नसते असा ‘जमेल ना?’ हा प्रश्न सोडून त्याने ‘यात अडचण कोणती?’ असे विचारावे, आणि तेही बैठकीत नव्हे, चहाच्या टपरीवर.