एका बांबूवर किती वर्षे उडायचे?

जानेवारी २०२६ मध्ये देव मीणा आणि कुलदीप यादव हे दोन बांबू उडीपटू मंगळूरहून भोपाळला परतत असताना पनवेल स्थानकावर कित्येक तास अडकून पडले. सोबतचे लांबलचक बांबू रेल्वेतून नेण्यास हरकत घेण्यात आली होती. यांपैकी मीणाने २०२५ मध्ये ५.४० मीटर उंची ओलांडून राष्ट्रीय विक्रम नोंदविला होता. विक्रमवीराची ही गत, तर घाटाच्या अलीकडे पिंपळे सौदागरसारख्या उपनगरात प्रशिक्षकाविना बांबू उडी शिकू पाहणाऱ्या शाळकरी मुलाचे काय होत असेल, हा प्रश्न त्या बातमीच्या निमित्ताने फारसा कोणी विचारला नाही.

शालेय मैदानी स्पर्धांत हा प्रकार आहे. शाळांत मात्र तो शिकविणारे जवळजवळ नाहीत. साहजिकच मुले चित्रफिती पाहून शिकतात. केनियाचा ज्युलियस येगो भालाफेक अशीच शिकला आणि २०१५ मध्ये जगज्जेता झाला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण भाला हातातून सुटतो. बांबू मात्र उडी मारणाऱ्यालाच हवेत नेतो. चूक झाली तर खाली पडते ते शरीर.

स्वतःच्या बळावर यातले बरेच काही सुधारता येते, हेही खरे. उडीची उंची मुख्यतः धावण्याच्या वेगातून येते. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्याची सर्व गतिज ऊर्जा उंचीत बदलली, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ३.२६ मीटर वर जाईल. वेग ९ मीटर झाला तर ४.१३. एका मीटरच्या फरकाने ही एवढी कमाई. तेव्हा बांबू घेऊन सरळ, उंच गुडघ्यांनी धावण्याचा सराव कोणत्याही मैदानावर करावा. धाव प्रत्येक वेळी मोजून घ्यावी. बाजूने चित्रण करून एकच गोष्ट तपासावी: जमीन सोडताना उडीचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली आहे की पुढे गेला आहे? पाय पुढे गेला की बांबू खेळाडूला मागे खेचतो. स्वयंशिक्षित खेळाडूंत हा दोष सर्रास आढळतो आणि त्याचे मूळ बहुधा हात उशिरा वर जाण्यात असते.

हवेत पाय वर, डोके खाली या अवस्थेसाठी परदेशात जिम्नॅस्टिक्सचा आधार घेतात. महाराष्ट्राच्या घरात तर मल्लखांब आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या, विशेषतः दोरीचा मल्लखांब, उलटे होताना पकड आणि पोट कसे राखायचे हे शिकविते. क्रीडाशिक्षकांनी या दोहोंची सांगड का घातली नाही, याचे नवल वाटते.

खरी अडचण पुढे आहे. ‘बांबू उडी’ हे नाव आता फसवे झाले आहे. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० मध्ये १५ फुटांची उंची प्रथम ओलांडली, ती खऱ्या बांबूवर; १९६० च्या दशकापासून राज्य फायबरग्लासचे आहे. प्रत्येक फायबर बांबूवर तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे हे नोंदविलेले असते. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत खेळाडूचे वजन त्याहून जास्त असल्यास तो बांबू वापरूच देत नाहीत. वाढत्या वयात वजन, वेग आणि पकडीची उंची सतत बदलते, म्हणून एका मोसमात दोन-तीन बांबू तरी बदलावे लागतात. येथे मुलाला मिळतो एकच, तोही बहुधा कोणाचा तरी जुना. मग बांबू तंत्राप्रमाणे बदलण्याऐवजी तंत्रच त्या बांबूप्रमाणे वाकते. कडक बांबू वाकत नाही म्हणून मुलगा हातांनी ओढू लागतो. मऊ बांबू फार वाकतो म्हणून वेग कमी करतो. या सवयी पुढे कोणत्याही शिबिरात सुटत नाहीत.

गादीचाही विचार हवा. २००२ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन तरुण उडीपटू दगावले, तेव्हा तेथे गादीच्या आकाराचे नियम कडक झाले. वाळूच्या खड्ड्यात न वाकणाऱ्या बांबूने, हाताच्या उंचीहून थोडीच वर पकड घेऊन प्राथमिक सराव चालतो. त्यापुढे मोठी गादी आणि जाणत्याची नजर यांशिवाय उडी मारू नये.

पिंपळे सौदागरहून मुळेपलीकडचे बालेवाडी क्रीडा संकुल काही किलोमीटरवर आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धा तेथे झाली. भोसरीत इंद्रायणीनगरला महापालिकेचे संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल आहे. अडचण अंतराची नाही, बांबू नेण्याची आहे. चार मीटरचा बांबू पीएमपीच्या बसमध्ये शिरत नाही आणि पालकांच्या दुचाकीवर तो नेणे म्हणजे वाहतुकीलाच धोका. यावर उपाय ग्रंथालयाचा आहे. निरनिराळ्या वजनांचे दहा-बारा बांबू मैदानावरच छपराखाली ठेवावेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी जाणता प्रशिक्षक गादीपाशी असावा आणि प्रत्येक मुलाचे वजन व पकड वहीत नोंदवून त्याला त्या दिवसाचा बांबू द्यावा. शहराच्या क्रीडा अंदाजपत्रकाला हा खर्च जड जाण्याचे कारण नाही. मग मुलाने बसमध्ये फक्त बूट घेऊन चढले तरी पुरे.