उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागतो, पण ब्रेक कोण तपासतं?

दरवर्षी गाळप हंगाम सुरू झाला की एक फोटो हमखास दिसतो. साखर कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. पोलीस, आरटीओचे अधिकारी आणि कारखान्याचे पदाधिकारी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावत असतात. हे काम गरजेचंच आहे. रात्री रस्त्यात उभी असलेली ट्रॉली न दिसल्याने मागून दुचाकी धडकते आणि कुणाचा तरी जीव जातो, ही बातमी ऊसपट्ट्यात नवीन नाही.

पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. ट्रॉलीच्या पुढे जे असतात, म्हणजे उताराच्या टोकाची दुचाकी, चौकात रस्ता ओलांडणारं पोर किंवा ट्रॅक्टरवर बसलेला चालक, त्यांना वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ब्रेक. तो फोटोत दिसत नाही आणि बऱ्याच ट्रॉल्यांना तो नसतोच.

ट्रॅक्टरला ब्रेक आहे की, मग ट्रॉलीला कशाला?

हा प्रश्न अनेक ट्रॉलीमालक विचारतात. उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा, ट्रॅक्टरचं वजन अडीच टन आहे. ताशी २५ किलोमीटर वेगात तो एकटा धावत असताना चालकाने करकचून ब्रेक दाबला, तर तो साधारण ५ मीटरमध्ये थांबेल. आता त्याच्यामागे दोन ट्रॉल्या जोडा. रिकाम्या ट्रॉल्यांचं वजन साडेचार टन आणि त्यात १८ टन ऊस धरला, तर ट्रॅक्टरसह एकूण वजन २५ टन होतं. वजन दहापट झालं, पण ब्रेक तोच आणि तेवढाच राहिला. त्यामुळे थांबायला लागणारं अंतरही जवळपास दहापट होतं. ५ मीटरचे ४८ मीटर होतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी ७ मीटर पुढे जाते, ते वेगळंच.

हा झाला सपाट रस्त्याचा हिशेब. शंभर मीटरला पाच मीटर उतार असेल, तर मागच्या वजनाचा रेटा जवळपास ट्रॅक्टरच्या ब्रेकइतकाच होतो. मग गाडी थांबवायला उरते ती इंजिनाची आणि टायरच्या घर्षणाची मदत. चालकाने उतारावर गिअर न्यूट्रल केला असेल, तर इंजिनाची मदतही जाते. "ब्रेक फेल झाला" असं अपघातानंतर सांगितलं जातं. पण अनेकदा ब्रेक फेल झालेला नसतो. एवढं वजन थांबवण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

दुसरा धोका ढकलण्याचा. ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉली थांबत नाही. मग ती हुकमधून ट्रॅक्टरला पुढे रेटते. वळणावर हा रेटा तिरका बसतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि उलटतो. त्यात बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. डाव्या आणि उजव्या चाकाचे पेडलही वेगळे असतात, कारण शेतात जागेवर वळायला ते सोयीचं पडतं. रस्त्यावर येताना हे दोन्ही पेडल खटका लावून एकत्र जोडायचे असतात. तो खटका लावायचा राहिला आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर एकाच बाजूचं चाक धरतं.

ट्रॉलीचा ब्रेक असतो तरी कसा?

मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला रेट्यावर चालणारा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे सरकते, त्या दाबाने दांडा आत जातो आणि ट्रॉलीच्या चाकांचा ब्रेक लागतो. दुसरा हायड्रॉलिक. ट्रॅक्टरमधून तेलाचा दाब होस पाइपने ट्रॉलीपर्यंत जातो. तिसरा हवेचा, जो ट्रकला असतो. त्यात टाकीतल्या दाबलेल्या हवेवर ब्रेक चालतो.

हवेच्या ब्रेकमध्ये एक मोठी सोय करता येते. धावताना हुक तुटला किंवा पाइप निघाला, तर हवेचा दाब जातो आणि ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. ब्रेक नसलेली ट्रॉली हुकमधून सुटली, तर वाटेत जे येईल त्यावर आदळूनच थांबते.

पासिंगला ब्रेक कसा तपासतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागतं. लोकांच्या भाषेत हेच पासिंग. पूर्वी निरीक्षक गाडीभोवती फेरी मारायचा, थोडी चालवून बघायचा आणि सही करायचा, अशी तक्रार सर्रास होती. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी याविरोधात जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या आरटीओंना ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक हवा, असं बजावलं. ट्रॅक नसलेल्या कार्यालयांचं पासिंग थांबवण्यापर्यंत प्रकरण गेलं. गाडी खरोखर पळवून, थांबवून बघितल्याशिवाय ब्रेक कळत नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व.

त्यानंतरचा टप्पा यंत्राचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. आधी अवजड आणि मग मध्यम व हलक्या परिवहन वाहनांना या केंद्रांतूनच तपासणी सक्तीची करायचं ठरलं. तारखा पुढे ढकलत ती मुदत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत गेली. या केंद्रात चाकं दोन रोलरवर चढवतात. रोलर चाक फिरवतात, ब्रेक दाबला जातो आणि प्रत्येक चाक किती जोराने अडवतं, ते यंत्र मोजतं. डावं चाक जास्त आणि उजवं कमी धरत असेल, तर तेही कळतं. सगळ्या चाकांचा जोर मिळवून त्याला गाडीच्या वजनाने भागलं की ब्रेकची क्षमता टक्क्यांत निघते.

मग उसाची ट्रॉली यात सापडत का नाही?

कारण कागदावर ती वेगळ्या खान्यात असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हा बिगरपरिवहन वाहन आहे. ट्रॉलीचीही शेतीसाठी आणि व्यवसायासाठी अशी वेगवेगळी नोंदणी होते. बिगरपरिवहन वाहनाची नोंदणी १५ वर्षं चालते आणि मधल्या काळात पासिंगचा प्रश्न येत नाही. स्वतःच्या शेतातलं खत आणि धान्य वाहणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी आरटीओत खेपा घालायला लावू नयेत, हा त्यामागचा विचार. तो रास्तही आहे.

अडचण पुढे येते. हीच ट्रॉली नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाहतूक ठेक्यावर रोज कारखान्याच्या खेपा करते. राज्य महामार्गावरून जाते आणि रात्रीही धावते. काम व्यवसायाचं, पण तपासणी शेतीची, म्हणजे जवळपास नाहीच. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या टायरगाड्यांचं जुगाड यांची गोष्ट याहून पुढची. त्यातल्या अनेकांची नोंदणीच नसते.

पास झाली म्हणजे ब्रेक चांगला, असं समजायचं का?

इथे सगळ्यात मोठी फट आहे. पासिंगला ट्रॉली रिकामी नेली जाते. समजा, तीन टनांच्या रिकाम्या ट्रॉलीच्या चाकांनी मिळून दीड टनाचा जोर दाखवला. क्षमता झाली ५० टक्के. त्याच ट्रॉलीत दहा टन ऊस भरला, तर वजन १३ टन होतं. ब्रेकचा जोर दीड टनच राहिला, तर क्षमता साडेअकरा टक्क्यांवर येते. ट्रॉली तीच, ब्रेकही तोच, पण रस्त्यावरचा निकाल वेगळा.

रिकाम्या चाकाची रोलरवर पकडही कमी असते. थोडा ब्रेक लागला तरी ते जाम होतं. ब्रेकमध्ये त्यापुढे दम होता की नव्हता, ते यंत्राला कळतच नाही.

ही फट ब्रिटनने ओळखली. तिथल्या डीव्हीएसए या तपासणी यंत्रणेने जानेवारी २०२३ पासून, काही अपवाद वगळता, अवजड ट्रेलर वार्षिक तपासणीला भार घालूनच आणायला सांगितले. काही मालक त्यासाठी काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याच्या टाक्या वापरतात. एप्रिल २०२५ पासून तर वर्षभरातल्या नियमित सुरक्षा तपासण्यांतही ब्रेकची कामगिरी मोजणं अपेक्षित आहे. ब्रेक वर्षातून एकदा बघायची गोष्ट नाही, हे तिथे मान्य झालं आहे.

ट्रॉलीमालकाने पासिंगआधी काय बघावं?

• ड्रम उघडून लायनर बघा. झिजलेला असेल तर बदला. दोन्ही बाजूंचे लायनर एकाच वेळी बदला, नाहीतर ट्रॉली एका बाजूला ओढते.
• हबमधून ग्रीस किंवा तेल गळत असेल, तर आधी ती गळती थांबवा. तेलकट लायनर नवा असला तरी धरत नाही.
• जॅक लावून चाक उचला आणि हाताने हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल, तर ब्रेकचं ॲडजस्टमेंट टिकत नाही.
• होस पाइपला चिरा किंवा घासल्याच्या खुणा नाहीत ना, ते पाहा. हवेचा ब्रेक असेल, तर टाकीत साचलेलं पाणी रोज काढा.
• हुक, पिन आणि साखळी तपासा. ब्रेक कितीही चांगला असला तरी जोड तुटला तर उपयोग नाही.
• ट्रॉली उभी करताना लागणारा हँडब्रेक चालतो का, ते बघा. चाकामागे दगड लावणं हा त्याला पर्याय नाही.

ही यादी पासिंगच्या दिवसापुरती नाही. पासिंगपुरते चांगले टायर आणि पासिंगपुरता ब्रेक ही सवय यंत्राला फसवू शकते, उताराला नाही.

खर्च कोणी करायचा?

खरा पेच हा आहे. वाहतूकदाराला पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. जास्त ऊस भरला, जास्त खेपा झाल्या, तर उचल लवकर फिटते आणि ट्रॅक्टरचा हप्ता निघतो. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, म्हणून घाई असते ती वेगळी. ब्रेकवर केलेल्या खर्चाचा एक रुपयाही बिलात मिळत नाही. आरटीओची माणसं मोजकी आणि रस्ते शेकडो. भरलेली ट्रॉली रस्त्यात अडवली, तर शेतकऱ्याचा ऊस वाळणार, म्हणून कारवाईलाही हात आखडतो.

मात्र एक जागा अशी आहे, जिथे प्रत्येक ट्रॉलीला यावंच लागतं. ती म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. कुठल्या गाडीने किती टन आणले, याची नोंद तिथे खेपेगणिक होते. हंगामाआधी वाहतुकीचा करार होतो, तेव्हा गाडीचा नंबरही कारखान्याकडे असतो. रिफ्लेक्टर लावायला आरटीओ आणि कारखाना एकत्र येतात, तेव्हाच भरलेली ट्रॉली गाडीतळावर ठरलेल्या वेगाने पळवून किती मीटरमध्ये थांबते, ते मोजता येईल. त्यासाठी सपाट जागा, चुन्याची रेघ आणि मोजपट्टी पुरते. ब्रेक बसवायला पैसे नसतील, तर उचलीसारखीच ती रक्कम आगाऊ देऊन बिलातून हप्त्याने कापता येईल.

नियम कडक करण्याची चर्चा दर मोठ्या अपघातानंतर होते आणि हंगाम संपला की विरते. करार मात्र दरवर्षी नव्याने लिहिला जातो. त्यात ब्रेकची अट घालायची की नाही, हे कारखान्याच्या संचालक मंडळाला ठरवता येतं. आणि ज्यांचा ऊस त्या ट्रॉलीतून जातो, त्या सभासद शेतकऱ्यांना हा प्रश्न वार्षिक सभेत विचारता येतो.