सवलतीचे गुण तुमच्याकडेच ठेवा, पहिला तास सोडा

दर जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर एक मोठा कागद अंथरला जातो. पर्यवेक्षक, मी आणि आणखी दोन शिक्षक त्याभोवती बसून वर्षाचं वेळापत्रक आखतो. आखतो पेन्सिलीने, कारण खोडाखोड अटळ असते. अप-डाऊन करणाऱ्या तिघांना पहिला तास नको असतो, त्यांची एसटी तोवर पोहोचत नाही. एका बाईंचं मूल लहान आहे, त्यांना शेवटचा तास नको असतो. एकांना पाठीच्या दुखण्यामुळे सलग तीन तास उभं राहवत नाही. या सगळ्या मागण्या रास्त आहेत आणि आम्ही त्या मान्य करतो. पंचवीस वर्षं मी त्या टेबलाशी बसते आहे. या पंचवीस वर्षांत एका विद्यार्थ्यासाठी म्हणून त्या कागदावर एकदाही खोडरबर फिरलेला नाही.

मी गणित शिकवते. मैदानाशी माझा संबंध इतकाच, की दहावीच्या वर्गाचे पी.टी.चे तास अभ्यासक्रम पुरा करायला मी वर्षानुवर्षं घेत आले. तो माझा हक्क आहे असंच मला वाटायचं. माझं मत एका मुलीने बदललं आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली.

ती दहावीत माझ्या वर्गात होती. मी तिची वर्गशिक्षिका. ८०० आणि १,५०० मीटर धावायची. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली, विभागातून राज्यस्पर्धेला निवड झालेली. पहाटे साडेपाचला गावाकडून सायकलने यायची आणि सव्वासातपर्यंत धावायची. आमची शाळा सात वाजता भरते. हातपाय धुऊन, गणवेश घालून ती वर्गात यायची तेव्हा पावणेआठ झालेले असायचे आणि पहिला तास संपलेला असायचा. हजेरी पहिल्या तासाला होते. म्हणजे ती पुढचे सगळे तास बाकावर बसून लिहायची, उत्तरं द्यायची, गृहपाठ दाखवायची, आणि हजेरीपटावर मात्र दिवसभर ‘गै’ असायची. तो ‘गै’ माझ्या हाताने लिहिलेला असायचा.

स्पर्धेच्या दिवसांचं पत्र आणलं की शाळा हजेरी धरते. सरावाचं पत्र कोण देणार? स्पर्धा वर्षातले दहा दिवस असते आणि सराव तीनशे दिवस. डिसेंबरमध्ये तिची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली आणि तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. त्यांना कार्यालयात सांगण्यात आलं, “खेळ थांबवा, नाहीतर दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.” सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेबाहेरून परीक्षा, म्हणजे शिक्षक नाहीत, वर्ग नाही, मैत्रिणी नाहीत. शेतमजुरी करणारा तो माणूस हात जोडून उभा राहिला. मीही त्या खोलीत होते आणि गप्प होते. पुढच्या सोमवारी ती प्रार्थनेला पहिल्या रांगेत होती. ती पुन्हा धावली नाही. दहावीत तिला एकाहत्तर टक्के पडले आणि शाळेच्या फलकावर आम्ही तिचं नाव रंगवलं. मी तो फलक आजही वर मान करून वाचू शकत नाही.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते आहे. जे वेळापत्रक हलत नाही असं आम्ही त्या वडिलांना सांगितलं, ते खरंच हलत नाही का?

ते रोज हलतं. उन्हाळा तापला की शाळा सकाळच्या सत्रात भरतात आणि कुणाचंही शिक्षण बुडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस लहान मुलांच्या झोपेबद्दल बोलले, फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला, आणि पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. निर्णय योग्यच होता. पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: इच्छा असली तर अख्ख्या राज्याचं वेळापत्रक दोन-तीन महिन्यांत बदलता येतं. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी आम्ही शाळा सुटल्यावर जादा तास घेतो. हुशार मुलांची तुकडी रविवारीही बसवतो. कायदाही आड येत नाही. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. ते तास दिवसाच्या कुठल्या प्रहरी भरवायचे, हे त्यात नाही. पहाटे धावणाऱ्या मुलीने सातलाच आलं पाहिजे, हा नियम आमच्या सोयीचा आहे. त्याला शिस्तीचं नाव आम्ही दिलं.

आणि हजेरीच्या पावित्र्याबद्दल तर या व्यवस्थेने मुळीच बोलू नये. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत काय चालतं, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. क्लासवाल्यांनी कनिष्ठ महाविद्यालयांशी ‘टाय-अप’ करायचं, मुलाने दोन वर्षं जेईई-नीटच्या क्लासमध्ये काढायची, महाविद्यालयात फक्त प्रात्यक्षिकाला आणि परीक्षेला तोंड दाखवायचं, आणि कागदावर हजेरी पूर्ण. हे इतकं बोकाळलं, की २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पण टाय-अप आजही गावोगावच्या जाहिरातींत राजरोस छापलं जातं. म्हणजे लवचीक वेळापत्रक महाराष्ट्रात आहेच. ते लाखाच्या घरात फी भरणाऱ्यांना चोरून मिळतं. धावणाऱ्या मुलीने ते उजळ माथ्याने मागितलं, तर तिच्या बापाला दाखला काढायला सांगतात. हा उघड उघड अन्याय आहे. यात नियमाचा प्रश्न येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची गैरहजेरी झाकायची आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची मोजायची, एवढाच यातला व्यवहार आहे.

मग सरकार खेळाडूंसाठी काय करतं? गुण देतं. दहावी-बारावीच्या खेळाडूला स्पर्धेच्या पातळीप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त पंचवीस. माझा या गुणांना विरोध आहे, आणि तो मी गणिताची शिक्षिका म्हणून नोंदवते. मुलीला त्रिकोणमिती शिकायला वेळ द्यायचा नाही, आणि शेवटी ती आली नाही म्हणून तिच्या गुणपत्रिकेत भर घालायची, ही तिची फसवणूक आहे. तिला मिळालेले गुण खरे वाटत नाहीत, वर्गातल्या इतर मुलांना ते खुपतात, आणि पुढच्या वर्गात गेल्यावर तिला ते गणित येत नसतं ते नसतंच. मुलं वेळ मागतात आणि आपण त्यांच्या हातावर गुण ठेवतो.

वेळ कुठून आणायचा, हे मी पेन्सिल हातात घेऊन करून पाहिलं आहे. आमच्या शाळेत दहावीला आठवड्याला ४५ तासिका होतात, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. बोर्डाच्या लेखी परीक्षेचे सहा विषय, तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं, मिळून ३६ तासिका घेतात. उरतात नऊ. त्यात श्रेणीचे विषय येतात, आणि त्यातच येतो ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’. म्हणजे जी मुलगी पहाटे पावणेदोन तास धावून येते, तिला आम्ही शारीरिक शिक्षणाची वही पूर्ण करायला बाकावर बसवतो. या नऊ तासिका खेळाडूंना सोडल्या तर आठवड्याला सव्वापाच तास मोकळे होतात. पहिला तास सहा दिवस सोडायला लागतात साडेतीन तास. हिशेब सरळ आहे. सहा मुख्य विषय पहिल्या तासाला लावायचे नाहीत, श्रेणीचे विषय तिथे आणायचे, आणि खेळाडूंची हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायची. नवा शिक्षक लागत नाही, नवी खोली लागत नाही, एक रुपया लागत नाही. लागतो तो फक्त खोडरबर.

परीक्षांचंही तसंच. शालेय राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा बहुतेक हिवाळ्यात येतात आणि आमची पूर्वपरीक्षा जानेवारीत. खेळाडूसाठी दुसरी प्रश्नपत्रिका काढणं हे एका शिक्षकाचं एका संध्याकाळचं काम आहे. बोर्डाच्या परीक्षेबाबतही मार्ग आहे. २०१८ मध्ये हरियाणाचा नेमबाज अनीश भानवाला दहावीत होता आणि परीक्षा राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीच्या आड येत होती. सीबीएसईने त्याच्या राहिलेल्या विषयांची परीक्षा नंतर घेतली. पंधरा वर्षांचा तो मुलगा गोल्ड कोस्टहून सुवर्णपदक घेऊन आला. आपल्या राज्य मंडळाला तर नवी परीक्षाही घ्यावी लागणार नाही. पुरवणी परीक्षा दर वर्षी होते, प्रश्नपत्रिका निघतात, केंद्रं लागतात. खेळाडूला काही विषय मार्चमध्ये आणि काही पुरवणीच्या वेळी, नापासाचा शिक्का न लागता, देऊ द्या. जर्मनीत खेळाडूंसाठीच्या शाळांमध्ये शालान्त टप्प्याची शेवटची दोन वर्षं तीन वर्षांत पूर्ण करायची मुभा असते. मूल तेवढंच शिकतं, थोडं सावकाश शिकतं. आपल्याकडे सावकाश शिकणं म्हणजे नापास होणं, अशी समजूत आपण घट्ट धरून बसलो आहोत.

यावर शिक्षकखोलीत मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: “सगळ्या काय ऑलिंपिकला जाणार आहेत?” नाही जाणार. म्हणूनच त्यांना शाळा हवी. बहुतेक मुलांचा खेळ लवकरच थांबतो, दुखापतीने, पैशाअभावी किंवा निवड न झाल्याने. त्या दिवशी त्यांच्या हातात बारावीपर्यंतचं नीट शिक्षण असलं पाहिजे. आज आपण त्यांना चौदाव्या वर्षी विचारतो, खेळ की शाळा? खेळ निवडणारं मूल सतरा नंबरच्या फॉर्मावर जातं आणि हळूहळू शिक्षणातून निसटतं. शाळा निवडणारं मूल मैदानातून निसटतं. आणि दोन्हींत अडकून दहावी नापास झालेली मुलगी असली, तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मी पदकांसाठी भांडत नाही. माझ्या वर्गातलं मूल माझ्या वर्गात राहावं म्हणून भांडते.

दुसरं: “सवलत दिली की गैरफायदा घेतात. क्रीडा प्रमाणपत्रंसुद्धा बनावट निघाली.” निघाली, कारण त्या प्रमाणपत्रावर गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण मिळतं. पहाटे साडेपाचला उठून धावायची परवानगी मिळवण्यासाठी कुणी खोटा शिक्का बनवत नाही. प्रशिक्षकाने सरावाची रोजची नोंद ठेवावी, शाळेने महिन्याला ती तपासावी, घटक चाचणीत घसरण झाली तर मुलाला बसवून विचारावं. हे अवघड नाही. आम्ही याहून किचकट नोंदी रोज ऑनलाइन भरतो.

तिसरं: “खेळाडूंसाठी क्रीडा प्रबोधिनी आहे ना.” आहे, आणि ती मोलाची आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. पण त्यावरून सिद्ध काय होतं? शाळेने खेळाभोवती दिवस आखला की गावातलं मूल ऑलिंपिकपर्यंत पोहोचतं, हेच. निवासी जागा मूठभर असतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा वाड्या-वस्त्यांवरची बाकी सगळी मुलं घरी राहून, जवळच्या साध्या शाळेत जाऊन खेळणार आहेत. त्यांची शाळा म्हणजे तुमची आणि माझी शाळा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधली भिंत पाडा असं लिहून ठेवलं आहे. त्याची प्रत प्रत्येक शाळेच्या कपाटात असेल. भिंत मात्र सकाळी सात वाजता, फाटकापाशी, तशीच उभी आहे.

महाराष्ट्राला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते १९५२ मध्ये हेलसिंकीला, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे. त्यांच्या प्रवासासाठी पैसे उभे राहत नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. ही गोष्ट आम्ही शिक्षकदिनाला अभिमानाने सांगतो. मला ती आता सांगवत नाही. एका शिक्षकाने आपलं घर पणाला लावलं, आणि त्याच पेशातले आम्ही एक पस्तीस मिनिटांचा तास सरकवत नाही.

म्हणून माझ्या राज्यातल्या मुख्याध्यापकांना आणि वेळापत्रकाच्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी थेट सांगते. मंत्रालयातून पत्र येण्याची वाट बघू नका, पहिला तास तुमच्या हातात आहे. येत्या जूनमध्ये कागद अंथरलात, की अप-डाऊनवाल्यांची यादी पुढे ओढायच्या आधी पहाटे मैदानावर असणाऱ्या मुलांची यादी मागवा. त्यांची हजेरी ते वर्गात येतील तेव्हा घ्या. मी माझ्या वर्गापुरतं गेल्या वर्षीपासून हे सुरू केलं आहे. मला नोटीस मिळाली आहे, तिला मी उत्तरही दिलं आहे. माझ्या हजेरीपटावर आज तीन मुलांची नोंद दुसऱ्या तासाला होते, आणि त्या तिघांचं गणित वर्गातल्या कुणाहूनही मागे नाही.