परिचारिकांना आधी माणसं द्या

‘परिचारिका इतक्या कोरड्या का?’ या पत्रातला ध्यानधारणेचा सल्ला मला पटला नाही. कर्करोग विभागात मी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत. तो कोरडेपणा म्हणजे खरं तर सतत दुःख पाहून आलेला थकवा असतो. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ च्या पुस्तकात हा थकवा सविस्तर मांडला: दुसऱ्याचं दुःख सतत झेलणाऱ्यालाही त्या आघाताची झळ लागते. झोप उडते, चिडचिड वाढते, शेवटी मन बधिर होतं. एक रुग्ण दगावला की लगेच त्याच हातांनी शेजारच्याला सलाइन लावायचं. रडायला जागा नाही, बोलायला कोणी नाही. ध्यान जरूर करावं, पण आधी पाळीत पुरेशी माणसं, हक्काची सुट्टी आणि मृत्यूनंतर सहकाऱ्यांशी बोलायला थोडा वेळ द्या. घरी अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्या लेकीसुनांनाही आठवड्यातून एक दिवस बदली माणूस हवंच.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा