ठिपके आणि रेघा

नव्या पदपथावर मधोमध एक पिवळी पट्टी असते. तिच्या फरश्या दोन प्रकारच्या. लांब रेघांची म्हणजे चला. गोल ठिपक्यांची म्हणजे सावध: पुढे वळण आहे, पायरी आहे किंवा रस्ता ओलांडायचा आहे. उठाव जेमतेम 5 मिलिमीटरचा, पण पांढऱ्या काठीच्या टोकाला आणि चपलेखालच्या तळव्याला तेवढा पुरतो. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी ही कल्पना काढली. 1967च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर अशी फरशी पहिल्यांदा बसली.

आमच्या भागातल्या नव्याकोऱ्या पदपथावर ही पट्टी सरळ निघते आणि कडुलिंबाच्या बुंध्यावर जाऊन आदळते. बुंध्याच्या अलीकडे रेघा, पलीकडे पुन्हा रेघा. ठिपका एकही नाही. थोडे पुढे विजेची डीपी आहे. पट्टी तिच्या दारापर्यंत जाते. चौकात, जिथे ठिपके हवेतच, तिथे रेघा चालू असतानाच पदपथ संपतो आणि खाली वाहने. बसथांब्यामागे मात्र ओळीने सगळ्या फरश्या ठिपक्यांच्या. रेघांच्या संपल्या असाव्यात.

गवंड्याला बोल लावण्यात अर्थ नाही. हे सारे बिलातून येते. निविदेत एक बाब असते: टॅक्टाइल टाइल पुरवणे व बसवणे, दर चौरस मीटरला. कनिष्ठ अभियंता टेप धरतो, लांबी गुणिले रुंदी मोजमाप पुस्तकात चढते, ठेकेदाराचे बिल निघते. ठिपक्याच्या जागी रेघ बसली म्हणून चौरस मीटर कमी भरत नाही. झाडाला वळसा घालून पट्टी न्यायची तर कोपऱ्यावर फरश्या कापाव्या लागतात, कुणीतरी उन्हात उभे राहून नकाशा समजावून द्यावा लागतो. सरळ दोरी ताणली की काम उरकते. पुढे केबलवाले येतात, खोदतात, आणि उखडलेल्या फरश्या हाताला लागतील तशा आडव्या-उभ्या बसवून जातात. आडवी बसलेली रेघ चालणाऱ्याला बाजूच्या गटाराकडे वळवते. तेही कोणी मोजत नाही.

रंगाचे तर विचारूच नका. अंध म्हणून नोंद असलेल्या अनेकांना थोडेफार दिसते. करड्या सिमेंटवर उठून दिसावा म्हणून तो पिवळा. पण ‘सुशोभीकरणा’त पिवळा खुपतो, म्हणून काही ठिकाणी पट्टी शेजारच्या पेव्हर ब्लॉकच्याच करड्या रंगात बसवली जाते. तो नक्की कोणाच्या डोळ्यांना खुपला?

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016चा आहे. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राला बजावले. उद्या नियम बंधनकारक झाले तरी आमचा पदपथ कागदावर उत्तीर्णच होईल. पट्टी आहे, रुंदी आहे, फोटो आहे.

मुळात चुकीची पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट. पट्टी नसेल तर माणूस काठीने चाचपत, बेताने पाऊल टाकतो. पट्टी लागली की तो तिच्यावर भरवसा ठेवतो आणि चालीत येतो. त्याच चालीत तो डीपीवर आपटतो.

उपाय महाग नाही. अंतिम बिलावर सही होण्याआधी पांढरी काठी वापरणाऱ्या एका व्यक्तीला मानधन देऊन बोलवा आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू द्या. अभियंत्याने मागून चालावे, हात धरू नये. तिचा शेरा मोजमाप पुस्तकात लिहून घ्या. जिथे ती अडखळेल तिथली पट्टी ठेकेदाराकडून स्वखर्चाने उखडून पुन्हा बसवून घ्या, आणि तोवर बिल अडवा.